दुसऱ्या महायुद्धातले आपले सॅपर स्मृतिस्तंभावरून का वगळलेत?

प्रति,
अध्यक्ष व सर्व सभासद,
आपल्या भागातील सैनिक स्मृतिस्तंभाचं काम पाहणारी समिती,
बोपोडी-खडकी परिसर, पुणे

स. न. वि. वि.

चौकात उभ्या राहणाऱ्या स्मृतिस्तंभावर कोरायच्या नावांची यादी तुम्ही मागच्या आठवड्यात जाहीर केलीत. त्यात माझ्या वडिलांचं नाव नाही. एकट्या त्यांचं राहून गेलं असतं तर नजरचूक समजून मी गप्प बसले असते. पण १९३९ ते १९४५ या काळात आपल्या वस्तीतून महायुद्धावर गेलेल्या एकाही माणसाचं नाव यादीत नाही. चौकशी केली तेव्हा दोन कारणं सांगण्यात आली. पहिलं, ही माणसं इंग्रजांच्या फौजेत होती. दुसरं, माझे वडील इंजिनिअर पलटणीत सैनिक, म्हणजे सॅपर होते, म्हणजे रस्ते आणि पूल करत होते, त्यांनी ‘प्रत्यक्ष लढाई’ केलेली नाही. हेच लेखी द्या म्हटलं, तर ते आजपर्यंत मिळालेलं नाही.

मला हे मान्य नाही. या स्तंभासाठी घरोघर वर्गणी गोळा झाली आहे, तेव्हा वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला हा निर्णय आणि त्यामागची कारणं कळली पाहिजेत. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. समितीतल्या बऱ्याच जणांना मी लहानपणापासून ओळखते, काहींना मी वर्गात शिकवलंही आहे. तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. हा स्तंभ व्हावा म्हणून तुम्ही किती खपलात ते मी पाहिलं आहे. पण निर्णय चुकला आहे, आणि नावं दगडात कोरली जाण्याआधी तो दुरुस्त करायला अजून वेळ आहे.

माझ्या वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. मूळचे मुळशी खोऱ्यातले, घरचा धंदा सुतारकीचा. १९४२ साली ते खडकीला येऊन रॉयल बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्समध्ये भरती झाले. हीच पलटण आज आपण बॉम्बे इंजिनिअर ग्रुप म्हणून ओळखतो. तिचं केंद्र तेव्हाही खडकीलाच होतं. देशभक्तीच्या ऊर्मीने गेले असं मी म्हणणार नाही, नानाही कधी तसं म्हणाले नाहीत. घरावर कर्ज होतं, खाणारी तोंडं सात होती, आणि सॅपर्सना हातात कसब असलेली पोरं हवी होती. सुतार, लोहार, गवंडी अशा कारागिरांना तिथे मान होता. नानांच्या डिस्चार्ज बुकात त्यांच्या नावापुढे कारागिरीच्या रकान्यात ‘कार्पेंटर’ असा शिक्का आहे. तपकिरी पुठ्ठ्याचं ते लहानसं पुस्तक मी तुमच्यासमोर ठेवलं होतं. कोपरे कसरीने खाल्लेत, पण भरतीची तारीख, कंपनी, आघाडी आणि शेवटचा ‘चारित्र्य उत्तम’ हा शेरा, सगळं स्वच्छ वाचता येतं.

खडकीला शिक्षण झालं आणि त्यांना आराकानला पाठवलं. आराकान म्हणजे ब्रह्मदेशाची बंगालच्या उपसागराकडची किनारपट्टी. पावसाळ्यात तिथे दोनशे इंचांच्या घरात पाऊस पडतो. समुद्राच्या भरती-ओहोटीबरोबर फुगणाऱ्या आणि ओसरणाऱ्या खाड्या, त्यांना तिकडे चाउंग म्हणतात. मधे उभे डोंगर आणि किर्र जंगल. रस्ता करायला त्या सखल भागात दगडच मिळत नव्हता. मग काय केलं, तर वाटेवर विटांच्या भट्ट्या लावल्या, त्यासाठी कोळसा बाहेरून आणला, आणि भाजलेल्या विटा अंथरून मैलोन् मैल रस्ता केला. त्या रस्त्यावरून रणगाडे गेले, तोफा गेल्या, जखमी परत आले. दुसऱ्या ठिकाणी डांबरात भिजवलेलं गोणपाट अंथरून विमानांच्या धावपट्ट्या आणि रस्ते केले. हे करताना हिवतापाने माणसं पटापट पडत. रोज मेपाक्रिनची पिवळी गोळी घ्यायला लावत. ती इतकी खाल्ली की कातडी पिवळी पडली. परत आल्यावर आजीने नानांना काविळीचं औषध द्यायला सुरुवात केली होती, हे आमच्या घरात कितीदा तरी सांगितलं गेलं आहे.

आता ‘ते तर नुसते पूल बांधत होते’ याबद्दल.

तुमच्यापैकी प्रत्येकाने २०२४ च्या ऑगस्टमध्ये वायनाडच्या चुरलमलाचा तो लोखंडी पूल मोबाईलवर पाहिला असेल. दरड कोसळल्यावर लष्कराच्या मद्रास सॅपर्सनी १९० फुटांचा बेली पूल दीड दिवसाच्या आत उभा केला. त्यात मेजर सीता शेळके होत्या, आपल्या अहमदनगर जिल्ह्यातल्या. त्यांचा पुलावर उभा असलेला फोटो आपल्या वस्तीच्या ग्रुपवर कितीतरी जणांनी टाकला, अभिमानाने टाकला. त्याआधी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनवर चेंगराचेंगरी झाली, तेव्हा नवा पादचारी पूल आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सनी बांधला आणि २०१८ च्या फेब्रुवारीत तो खुला झाला. तोही बेली पद्धतीचाच. बेली पुलाची ही रचना दुसऱ्या महायुद्धातच तयार झाली. दहा फूट लांब आणि पाच फूट उंच अशी त्याची एक चौकट, जिला जवान पॅनेल म्हणतात. वजन दोनशे साठ किलोच्या आसपास. सहा माणसांनी दांडे घालून ती खांद्याच्या बळावर उचलायची, दुसरीला भिडवायची आणि पोलादी पिन ठोकायची. क्रेन लागत नाही, हीच त्याची खुबी आहे. वायनाडला लोक टाळ्या वाजवत होते. आराकानमध्ये हेच काम चिखलात, रात्री, दिवा न लावता आणि आवाज न करता करायचं होतं, कारण पलीकडच्या काठावर जपानी मशीनगन होती. पिन ठोकताना घणाचा आवाज होऊ नये म्हणून त्याला पोत्याचं कापड गुंडाळायचे, असं नाना सांगत. त्यांच्या उजव्या खांद्यावर हाडाशी एक टणक गाठ होती, ती शेवटपर्यंत राहिली. आम्ही लहानपणी ती बोटाने दाबून बघायचो.

सॅपरचं काम पुलापाशी संपत नाही. पायदळ पुढे जाण्याआधी वाटेतले सुरुंग कोणी काढायचे? सॅपरने. पायदळाच्या हातात निदान बंदूक तयार असते. सुरुंग काढणारा मात्र पालथा पडलेला असतो, त्याचे दोन्ही हात जमिनीत असतात आणि डोळे हातापुढच्या वीतभर मातीवर. संगीन तिरकी धरून, हलक्या हाताने, इंच इंच माती टोचत जायचं. उभी खुपसली तर टोक थेट सुरुंगाच्या डोक्यावर बसणार, म्हणून तिरकी. टोकाला काही कठीण लागलं की बोटांनी माती बाजूला करायची, खाली तार किंवा दुसरा सुरुंग जोडलेला नाही ना ते चाचपायचं, मग निकामी करायचा. मोकळ्या झालेल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना पांढरी फीत लावत जायचं, म्हणजे मागून येणाऱ्याला कळावं. १९४५ मध्ये मध्य ब्रह्मदेशात मेकटिलाच्या बाजूला जपान्यांनी तर विमानातले मोठे बॉम्ब खड्ड्यात पुरून प्रत्येकापाशी एकेक सैनिक बसवला होता. रणगाडा डोक्यावर आला की त्याने हाताने घाव घालायचा. असलं सगळं ज्यांना शोधून काढावं लागलं, त्यांनी लढाई केली नाही असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

नाना पुढे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सुतार म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आमच्या परसात काही लावायचं झालं की ते आधी लोखंडी सळई घ्यायचे आणि जमिनीत ती तिरकी घालून बघायचे. सरळ कधीच नाही. रस्त्यात कुठे ताजी उकरलेली माती दिसली की ते ती ओलांडत नसत, वळसा घालून जात. आम्हाला वाटायचं, त्यांची सवयच तशी. वाईकडचा त्यांचा एक जोडीदार आराकानमधल्या बुथिदाउंगच्या रस्त्यावर त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर मारला गेला, हे त्यांनी मला सांगितलं ते मी चाळिशीला आल्यावर.

समितीला मी आणखी दोन माणसांची आठवण करून देते. दोघंही खडकीच्याच पलटणीतले.

पहिले प्रेमिंद्रसिंह भगत. १९४१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत आफ्रिकेत, अबिसीनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) आघाडीवर, बॉम्बे सॅपर्सच्या २१ फील्ड कंपनीचे हे तरुण सेकंड लेफ्टनंट चार दिवस फौजेच्या पुढे चालत होते. पंचावन्न मैलांत पंधरा सुरुंगपट्टे त्यांनी मोकळे केले. त्यांची गाडी स्फोटात उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी बदली घेतली नाही. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे तेव्हाचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. त्या युद्धात तो मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. हेच भगत पुढे स्वतंत्र भारताच्या लष्करात नॉर्दर्न कमांडचे प्रमुख झाले.

दुसरे राम राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडियाचे. १९४० च्या जुलैमध्ये बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झाले आणि २६ इन्फंट्री डिव्हिजनबरोबर आराकानमध्येच होते. बुथिदाउंगमधून माघार घेताना दारूगोळ्याचा साठा उडवून देण्यासाठी त्यांना मागे ठेवलं होतं. न्यायला बोट आलीच नाही, तेव्हा जपान्यांचा पहारा असलेली नदी ओलांडून ते आपल्या माणसांसह परत आले. १९४७ च्या डिसेंबरात ते अधिकारी झाले. त्यानंतर चारच महिन्यांनी, ८ एप्रिल १९४८ रोजी, जम्मू-काश्मीरमधल्या नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता त्यांना मोकळा करायचा होता. रस्ताभर सुरुंग आणि झाडं पाडून केलेले अडथळे. पहिल्याच दिवशी तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्यांचे दोन सॅपर गेले, पाच जखमी झाले, त्यांत राणे स्वतः. ते हटले नाहीत. ११ तारखेला सकाळी सहापासून रात्री दहा वाजून गेले तरी ते रस्त्यावरच होते. वाटेतल्या चिंगसपर्यंत रणगाड्यांची वाट झाली आणि १२ एप्रिलला आपले रणगाडे राजौरीत पोहोचले. शहरात कत्तल चालली होती. कितीतरी कुटुंबं त्या रस्त्यामुळे वाचली. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेले ते पहिले मानले जातात. १९९४ साली त्यांचं निधन इथे पुण्यातच झालं. २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव दिलं गेलं.

तुमचे दोन्ही निकष राण्यांना लावून बघा. सहा-सात वर्षं त्यांनी इंग्रजांच्या फौजेत काढली. परमवीर चक्र मिळालं ते रस्ता मोकळा केल्याबद्दल. म्हणजे दोन्ही निकषांवर ते बाद ठरतात. तसं तुम्ही कधीच म्हणणार नाही, हे मला माहीत आहे. मग आराकानमध्ये ज्यांनी तेच सुरुंग काढले आणि तेच पूल ओढले, पण ज्यांना पदक मिळालं नाही किंवा जे १९४६ मध्ये पलटण कमी केली तेव्हा घरी आले, त्यांना बाद का?

आता इंग्रजांच्या फौजेचा मुद्दा. हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. १९४२ साली नाना भरती झाले त्याच वर्षी गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला. आपल्याच गल्लीतून कुणी तुरुंगात गेलं, कुणी खडकीच्या भरती कार्यालयात. आणि ब्रह्मदेशाच्या त्याच जंगलात समोरच्या बाजूला नेताजींची आझाद हिंद सेना होती. १९४४ च्या एप्रिलमध्ये मोइरांगला त्यांनी तिरंगा फडकवला. नाना त्यांच्याबद्दल कधी वाकडं बोलले नाहीत. १९४५ च्या हिवाळ्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचा लाल किल्ल्यातला खटला सुरू झाला तेव्हा पलटणीत सगळे ती बातमी मागत असत, असं ते सांगत. आपल्या वस्तीतून कुणी आझाद हिंद सेनेत गेलं असेल, तर त्यांचं नाव या स्तंभावर सगळ्यात वर असू द्या, माझी काहीच हरकत नाही. माझा आग्रह एवढाच आहे की एका नावाला जागा करण्यासाठी दुसरं खोडायची गरज नाही.

युद्ध सुरू झालं तेव्हा भारतीय फौज दोन लाखांच्या आसपास होती, संपलं तेव्हा सुमारे पंचवीस लाख. सक्तीची भरती नव्हती. या पंचवीस लाखांत सगळे लाचार होते असं म्हणायचं असेल, तर स्वतंत्र भारताची फौज कुणापासून उभी राहिली हेही सांगावं लागेल. १९४५ च्या जानेवारीत आराकानमध्ये कांगॉला जी घनघोर लढाई झाली, तिथे भारतीय अधिकाऱ्यांच्या हाताखाली तीन पलटणी लढल्या. त्यातल्या एकीचे प्रमुख कोल्हापूरचे शंकरराव थोरात, दुसरीचे थिमय्या, तिसरीचे एल. पी. सेन. थिमय्या लष्करप्रमुख झाले. थोरात लेफ्टनंट जनरल झाले, आणि चीनच्या धोक्याबद्दल १९६२ च्या आधीच सावध करणारे तेच होते. सेन १९४७ मध्ये श्रीनगर वाचवणाऱ्या ब्रिगेडचे प्रमुख होते. ऑक्टोबर १९४७ मध्ये काश्मीरला जी माणसं विमानाने उतरली, त्यांच्या खांद्यावरची शिस्त आणि हातातलं कसब ब्रह्मदेशातून आलेलं होतं. ही फौज १५ ऑगस्टला आकाशातून पडली नाही.

शिवाय या माणसांची आधीच फार हेळसांड झाली आहे. इंडिया गेटवरची नावं पहिल्या महायुद्धातल्या आणि तिसऱ्या अफगाण युद्धातल्या जवानांची. आपल्याकडे कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धाचे संगमरवरी फलक आहेत, ‘या गावातून इतकी माणसं युद्धावर गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले’ असे. साताऱ्याकडे अपशिंगे मिलिटरी गावाचा स्तंभ तर सगळ्यांना ठाऊक आहे. दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ मध्ये झालं, तिथली पंचवीस हजारांहून अधिक नावं स्वातंत्र्यानंतरच्या जवानांची. पुण्यात घोरपडीचं स्मारक नागरिकांच्या वर्गणीतून १९९८ मध्ये उभं राहिलं, तेही स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांसाठी. पहिलं महायुद्ध आणि स्वातंत्र्यानंतरचा काळ यांच्या मधली दुसऱ्या महायुद्धाची सहा वर्षं गावच्या दगडावर जवळपास कुठेच नाहीत. ब्रह्मदेशात ज्यांचे देहही सापडले नाहीत अशा सुमारे सत्तावीस हजार जणांची नावं रंगूनजवळ ताउक्यानच्या स्मारकावर आहेत, बहुतेक भारतीयांचीच. आपल्या खडकीत वॉर सिमेट्री आहे. रविवारी सकाळी तिथे फिरायला जाणारे तुमच्यातही आहेत. त्या युद्धातल्या सोळाशेहून जास्त परदेशी आणि भारतीय जवानांच्या कबरी तिथे आहेत, हिरवळ कापलेली, प्रत्येक दगड धुतलेला. आणि त्याच रस्त्याच्या पलीकडे राहून त्याच युद्धातून परत आलेल्या माणसाचं नाव त्याच्या स्वतःच्या चौकात लागू नये, याचं मला फार दुःख होतं.

परत आलेल्यांना मिळालं तरी काय? युद्ध संपताच लाखो जवान घरी पाठवले गेले. पेन्शन लागू होण्याइतकी नोकरी बहुतेकांची झालेली नव्हती. थोडीफार बक्षिसी, रेल्वेचा पास आणि निरोप. ब्रह्मदेशच्या आघाडीचं पदक, बर्मा स्टार, आमच्या घरात अजून आहे, गडद निळ्या फितीवर मधे लाल पट्टा आणि दोन्ही बाजूंना नारिंगी रेघ. पितळी तारा काळवंडला आहे. १५ ऑगस्टला नानांनी तो कधी लावला नाही. आपण कुणाच्या बाजूने लढलो हा प्रश्न त्यांना कुणी विचारू नये, एवढीच त्यामागची भीती होती. ते जाऊन बरीच वर्षं झाली, आणि आज तुम्ही तोच प्रश्न विचारला आहे.

तुमच्या कामाच्या पद्धतीबद्दलही मला बोलायचं आहे. गणपतीत मांडवात जाहीर केलं होतं की ‘आपल्या भागातून सैन्यात गेलेल्या प्रत्येकाची’ माहिती आणि कागदपत्रं द्या. ‘प्रत्येकाची’ हाच शब्द पावती पुस्तकाच्या मागेही छापला आहे. त्या भरवशावर लोकांनी ट्रंका उघडल्या. शेजारच्या काकूंनी सासऱ्यांचा पलटणीतला फोटो काचेतून काढून आणला. त्या ऐंशीच्या पुढे आहेत, जिने उतरताना त्यांना दोन माणसं लागतात. त्या फोटोच्या मागे इंग्रजीत पलटणीचं नाव आणि १९४३ साल लिहिलेलं आहे. कागद घेतले, चहा पाजला, आणि नंतर अटी बदलल्या. अटी कुठल्या सभेत ठरल्या, कुणी मांडल्या, कुणी विरोध केला, हे विचारलं तर सांगता येत नाही. माझ्या वडिलांबद्दल एकाने ‘सुतारच होते ना ते’ असं म्हटलं. हो, होते. त्यांच्या सुतारकीच्या जोरावरच त्या नद्या ओलांडल्या गेल्या.

आणि निकष ‘प्रत्यक्ष लढाई’ असाच ठेवायचा, तर तुमच्या आत्ताच्या यादीचं काय करणार? त्यात १९६५ आणि १९७१ मधले सिग्नलचे, सप्लायचे, दवाखान्याचे जवान आहेत, आणि ते असलेच पाहिजेत. १९६१ च्या जुलैत पानशेत फुटण्याआधी धरणावर रात्रभर वाळूची पोती रचणारे जवान कुठल्या शत्रूशी लढत होते? तरी पुण्याने त्यांना कधी विसरलेलं नाही. एक माप स्वातंत्र्यानंतरच्यांना आणि दुसरं आधीच्यांना, हे न्यायाचं नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

दगडावर नावं कोरण्याचं काम तूर्त थांबवा. कारागिराला दिलेली यादी परत घ्या.

दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या, कागदपत्रं दिलेल्या सर्व सैनिकांची नावं यादीत घाला. त्यांच्या नावापुढे इतरांसारखीच पलटण आणि साल लिहा. वेगळा रकाना नको, ‘ब्रिटिशकालीन’ असा शेराही नको.

‘प्रत्यक्ष लढाई’ची अट काढून टाका. इंजिनिअर, सिग्नल, सप्लाय, वैद्यकीय, सगळ्या शाखांना एकच नियम.

ज्यांच्याकडे कागद उरलेले नाहीत त्यांना मुदत द्या. बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचं रेकॉर्ड्स कार्यालय खडकीलाच आहे. नंबर, नाव आणि भरतीचं साल देऊन समितीने स्वतःच्या नावाने अर्ज केला तर घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांना हेलपाटे घालावे लागणार नाहीत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडेही विचारणा करा. अर्ज लिहायला मी बसते. पन्नास अर्ज असले तरी लिहीन.

आझाद हिंद सेनेत कुणी गेलं होतं का, याची माहिती जाहीरपणे मागवा आणि ती नावंही घ्या.

आणि वर्गणीदारांची सभा बोलवा. निकष लेखी मांडा, हात वर करून मतं घ्या, इतिवृत्त फलकावर लावा. सभेत बहुमताने माझं म्हणणं फेटाळलं गेलं, तर निदान कुणी आणि कोणत्या कारणाने फेटाळलं ते सगळ्यांना माहीत असेल.

सभेची तारीख येत्या पंधरा दिवसांत कळवावी. नानांचं डिस्चार्ज बुक, बर्मा स्टार आणि काकूंच्या सासऱ्यांचा फोटो घेऊन मी त्या सभेला येणार आहे. हे पत्र फलकावर लावायला आणि वस्तीच्या ग्रुपवर टाकायला माझी पूर्ण संमती आहे.

कळावे,
आपली,
एका सॅपरची मुलगी
(निवृत्त शिक्षिका), बोपोडी, पुणे